तांबं खाणारे पाहुणे

माझ्या डोक्याचा पारा कधी चढेल याचा नेम नाही, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण या रागाचा सगळ्यात मोठा वाटा ज्यांच्या पदरात पडला ते ना माझे विद्यार्थी, ना माझा नवरा. ते भंगारवाले चाचा.

बीडमध्ये बिंदुसरेच्या पुलाअलीकडं त्यांचं दुकान आहे. खाली दुकान, मागं अंगण, वर घर. तरुणपणी चाचा रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग मोबाईल. पुढं लोकांना दुरुस्तीपेक्षा नवीन घेणं सोपं वाटायला लागलं, तसं त्यांच्याकडं दुरुस्तीला कमी आणि फेकलेलं जास्त यायला लागलं. फुटके मोबाईल, बंद पडलेले कॉम्प्युटर, टीव्हीचे डबे. त्यांच्या पोटातले हिरवे बोर्ड काढायचे आणि त्यातलं तांबं आणि पिनांवरचा सोन्याचा मुलामा वेगळा करायचा, हा त्यांचा धंदा झाला. आणि हे सगळं करायचं तेजाबानं. म्हणजे अ‍ॅसिडनं, उघड्या अंगणात, निळ्या टबात.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर मला पीएचडीचं खूळ शिरलं आणि विषय घेतला तो असा, की जिवाणूंकडून इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातलं तांबं आणि सोनं सोडवून घ्यायचं. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा दही नीट लावत जा, तेही जिवाणूच ना?" मी आठ दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. दही मात्र त्यानंतर खरंच नीट लावायला लागले.

प्रयोगाला बोर्ड पाहिजेत म्हणून मी चाचांच्या दुकानात पहिल्यांदा गेले. दुकानात कुणी नव्हतं. मागून खोकल्याचा आवाज येत होता म्हणून सरळ अंगणात गेले, तर टबातून तांबूस वाफा निघताहेत आणि एक म्हातारा माणूस तोंडाला रुमाल बांधून त्यात लाकडानं ढवळतोय. माझ्या डोळ्यांतून पाणी, घशात आग. ओळख ना पाळख, मी तिथूनच ओरडले, "अहो, मरायचंय का तुम्हाला?"

त्यांनी शांतपणे रुमाल खाली केला. "म्याडम, धा-बारा वरसं झाली हेच करतो. आजून तर न्हाई मेलो."

"मेला नाहीत, पण ऐका तो खोकला! हा वास तरी कसा सहन होतो?"

"कसला वास?" ते म्हणाले. "मला वासच येत न्हाई. नाक कवाच गेलं."

हे त्यांनी छत्री हरवल्यासारखं साधेपणानं सांगितलं. तेवढ्यात जिन्यावरून चाची उतरल्या. आमची ओळख अशी अंगणात, डोळे पुसत पुसत झाली. चाची म्हणजे ठेंगणी, गोरीपान बाई, आवाज असा की पुलापलीकडं ऐकू जावा. त्यांनी मला वर नेलं, पाणी दिलं आणि माझी चौकशी करायच्या आधी नवऱ्याची सगळी तक्रार माझ्यापुढं मांडली.

डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, हे तेजाब असंच छातीत जात राहिलं तर चाचांचं काही खरं नाही. मुलगा पुण्यात नोकरीला. तो म्हणत होता, दुकान विकून टाका आणि दोघं माझ्याकडं या. चाचा ऐकायला तयार नव्हते. "पुण्यात चौथ्या मजल्यावर बसून मी काय करू? भिंती मोजू?" असं ते म्हणायचे. शेवटी चाचींनी त्यांना अट घातली होती. बकरी ईदला मुलगा येणार, तोपर्यंत तेजाबावाचून धंदा करून दाखवा. नाहीतर शटर खाली आणि सामान पुण्याला.

"तेजाबावाचून तांबं निघतं का कुठं, सांगा म्याडम," चाचा म्हणाले.

"निघतं," मी म्हणाले. "जिवाणू काढतात."

चाचींनी माझ्याकडं बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं. आणि म्हणाल्या, "मंग आना की ते. कावून थांबलाव?"

हे असं झालं. माझी पीएचडी कॉलेजातल्या शंभर मिलीच्या चंबूत आरामात चालली असती. पण चाचींनी त्या दिवशी माझा शब्द धरला आणि प्रयोग प्लास्टिकच्या ड्रमात, त्यांच्या अंगणात जाऊन बसला. तेजाबाचा कॅन बूच घट्ट लावून कोपऱ्यात गेला. चाचांनी चाचींच्या डोक्यावर हात ठेवून कसम खाल्ली, की ईदपर्यंत हात लावणार नाही.

दोन दिवसांनी चाचा स्वतः बोर्डांचं पोतं घेऊन माझ्या घरी आले. उन्हातून आलेले, घामाघूम. आमच्या घरी उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी द्यायची रीत आहे. माझं माहेर धर्मापुरीचं, तिथं आई तर वाटसरूलाही हाक मारून द्यायची. भावाच्या उसाचा गूळ ओळखीच्या गुऱ्हाळातून आलेला होता, ताजा, पिवळाधमक. डबा उघडला की स्वयंपाकघरभर वास सुटायचा. चाचांनी खडा तोंडात टाकला, थोडा वेळ चघळला आणि म्हणाले, "गोड हाय. पन गूळ हाय का साखर, ते न्हाई कळत. वासच न्हाई तर चव कशाची."

मला फार वाईट वाटलं. मी उगाच रागावल्यासारखं करून अर्धी ढेप कागदात बांधली आणि त्यांच्या हातात दिली. "चाचींना द्या. त्यांना तर वास येतो ना?"

आता जिवाणूंचं सांगते. हे मी कुठून विकत आणले नव्हते. परळीकडं एक जुना कोळशाचा ढीग आहे, पावसाळ्यात त्याच्याखालून तांबूस-पिवळं पाणी पाझरतं आणि दगडांवर गंजासारखा थर धरतो. लोक नाक मुरडून पुढं जातात. माझ्यासारखी बाई मात्र माहेराहून येताना एसटीतून उतरते, बाटलीत ते पाणी भरते आणि कंडक्टरच्या शिव्या खात परत चढते. त्या पाण्यात हे जिवाणू असतात. यांना पोळी नको, दूध नको, गोड तर विषच. हे लोखंडावर जगतात. हिराकस, म्हणजे लोखंडाचं हिरवं मीठ, पाण्यात विरघळवून दिलं, थोडं आंबट केलं, चिमूटभर खत आणि भरपूर वारा दिला, की ते खूश. हिरवट पाणी चार-पाच दिवसांत चहासारखं लाल होतं. आणि त्या लाल पाण्यात बोर्डाचे तुकडे टाकले की तांबं विरघळायला लागतं. सोनं विरघळत नाही, पण पिनांखालचं तांबं निघून गेलं की वरचा सोन्याचा पापुद्रा आपोआप सुटून खाली बसतो. ना वाफ, ना आग, ना खोकला. फक्त वेळ लागतो.

हे सगळं मी चाचांना आणि चाचींना फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. चाचा म्हणाले, "म्हंजी तांबं खाणारे किडे."

"किडे नाहीत! जिवाणू. आणि ते तांबं खात नाहीत. ते लोखंडावर जगतात, त्यामुळं पाणी असं होतं की त्यात तांबं..."

"खात्यात की. तांबं जातं का न्हाई?"

"जातं, पण..."

"मंग खाल्लंच की!"

मी हात टेकले. त्यानंतर ड्रमातले जिवाणू सगळ्या गल्लीत 'तांबं खाणारे' म्हणून प्रसिद्ध झाले. परळीहून आलेले म्हणून चाचा त्यांना पाहुणे म्हणायचे. सकाळी दुकान उघडलं की आधी ड्रमाचं झाकण उचलून बघायचे आणि म्हणायचे, "खावा बे, लाजू नका." मी एकदा हे चोरून ऐकलं आणि दाराआड उभी राहून हसले.

चाचींचं वेगळंच. मी पहिल्यांदा कॉलेजात वाढवलेलं पाणी बाटलीतून ड्रमात ओतलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "हे म्हंजी विरजणच की?" मी हो म्हणाले, दुसरा सोपा शब्द मलाही सुचला नसता. त्यावर त्या घरात गेल्या. मला वाटलं चहा टाकायला गेल्या असतील, मी काही विचारलं नाही.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. जिवाणूंना एकदम सगळे बोर्ड देऊन चालत नाही, दचकतात आणि मरतात. मूठ मूठ देत सवय लावावी लागते. चाचांना ही गोष्ट चटकन समजली. बोर्डावरचे डाग-डिंक घासून काढायचे, लोखंडी स्क्रू वेगळे करायचे, तुकडे कातरायचे, हे ते इतक्या निगुतीनं करायचे की माझ्या प्रयोगशाळेतल्या पोरींनी शिकून घ्यावं. माशांच्या टाकीचा एक छोटा पंप त्यांनी भंगारातूनच काढून दुरुस्त केला आणि ड्रमात वारा सोडला. तो दिवसभर गुरगुरत असायचा. खोकला कमी झाला होता. चाची मला जिन्यात गाठून कानात सांगायच्या, "कालच्याला नीट झोपले बगा." आणि मला असं वाटायचं की पीएचडी गेली खड्ड्यात, हे एवढं मिळालं तरी बास.

एप्रिलमध्ये माझी ड्यूटी लागली. विद्यापीठात संभाजीनगरला पेपर तपासायला आठ दिवस. ऊन असं पडलं होतं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. जिवाणूंना एवढं ऊन सोसत नाही. मी चाचांना बजावलं, ड्रमावर सावली धरा, बारदान ओलं ठेवा, पंप बंद पडू देऊ नका. "आणि दुसरं काही घालू नका. काही म्हणजे काही नाही. कळलं?"

"कळलं म्याडम. मी काय लहान हाय?"

आठ दिवसांनी आले ती बसस्टँडवरून घरी न जाता सरळ अंगणात गेले. बॅग खांद्यावर तशीच. ड्रमाचं झाकण उघडलं. पाणी लाल नव्हतं. हिरवट, मळकट, वर पांढरा, साय धरल्यासारखा थर. बोर्डाचे तुकडे मी गेले त्या दिवशी होते तसेच, तांबं जागच्या जागी. आणि ड्रमाला टेकून, कोपऱ्यातून उचलून आणलेला, तेजाबाचा कॅन.

त्या कॅनवर माझी नजर गेली आणि माझं डोकं फिरलं. मला वाटलं, संपलं. माणसाला धीर निघाला नाही, ईद जवळ आली म्हणून तेजाब ओतलं आणि माझे जिवाणू मारले. चाचा दुकानातून आले तसं मी त्यांना बोलायला सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं इथं लिहायची मला लाज वाटते. एक वाक्य मात्र लिहिते, कारण ते मी विसरू शकत नाही. मी म्हणाले, "दारुड्याची दारू सुटत नाही तसं तुमचं तेजाब सुटत नाही. बायकोच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललात."

चाचा ड्रमाकडं बघत उभे राहिले, मान खाली घालून, ओठ हलताहेत आणि आवाज नाही. मला ते कबुलीसारखं वाटलं. मी नमुन्याची बाटली भरली आणि पाय आपटत निघून गेले.

कॉलेजात गेले, काचपट्टीवर थेंब घेतला, सूक्ष्मदर्शक लावला. माझे बारीक, दांडीसारखे जिवाणू कुठंच नव्हते. त्यांच्या जागी गोल गोल, फुगलेल्या, अंगाला कोंब फुटलेल्या पेशींची गर्दी. मी डोळा काढला, परत लावला. हे यीस्ट होतं. पाव फुगवणारं, दारू आंबवणारं. आणि तेजाब ओतलेल्या पाण्यात यीस्टची अशी जत्रा भरत नाही. ती भरते फक्त गोड असेल तिथं.

मी तिथंच स्टुलावर बसले. शिपायानं विचारलं, "म्याडम, बरं न्हाई का?" मी म्हटलं, बरं आहे, पण मी माती खाल्ली. त्याला काही कळलं नाही.

परत गेले तर चाची अंगणात ड्रमाशी उकिडव्या बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पहिल्यांदाच. नुसतं बोट केलं. ड्रमाच्या बाहेरून, खालपासून काठापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली होती. सकाळीही असणार. रागाच्या भरात मला दिसली नाही.

"त्या क्यानला त्यांनी हात लावला," चाची म्हणाल्या, "सावलीला बांदलेली ताडपत्री उडत होती म्हनून वजन ठिवायला. बूच बगा, तसंच हाय." मी बघितलं. बुचावर मी स्वतः चिकटवलेली पट्टी जशीच्या तशी होती. "तुमी लई बोललाव म्याडम. सकाळपासून जेवले न्हाईत ते."

चाचा दुकानात स्टुलावर बसले होते, हातात एक बोर्ड आणि पक्कड, पण काम काही चालू नव्हतं. मी समोर जाऊन उभी राहिले. मला माफी मागता येत नाही, लहानपणापासून येत नाही. आई म्हणायची, हिच्या तोंडात चुकलं हा शब्दच घातलेला नाही देवानं. त्या दिवशी मात्र मी म्हणाले. "चाचा, माझं चुकलं. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला."

त्यांनी मान वर केली. डोळे ओले होते. "चूक तुमची न्हाई बेटा. मीच मारले त्यांना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी गेल्यावर तिसऱ्या दिवशी ऊन फारच वाढलं. चाचा ड्रमापाशी बसले होते. पंप गुरगुरत होता, पाण्यावर बुडबुडे येत होते आणि त्यांना वाटलं, हे बिचारे एवढ्या लांबून आलेत, आपलं काम करताहेत, आणि आपण यांना नुसत्या पाण्यावर ठेवलंय. चाचीही उन्हातून आल्या की सरबत मागायच्या. मग त्यांना माझ्या घरचं गूळपाणी आठवलं. मी दिलेली अर्धी ढेप कागदात होती तशीच होती, चाचींनी ईदसाठी जपून ठेवलेली. त्यातला मोठा खडा फोडून त्यांनी ड्रमात टाकला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. त्या दिवशी पाण्यावर खूप बुडबुडे आले, तर त्यांना वाटलं पाहुणे खूश झाले.

"तुमीच म्हनलाव ना, उन्हातून आलेल्याला आदी गूळपानी. तुमच्याच घरची रीत," ते म्हणाले. "मला वाटलं, मेहमान हायेत. मेहमानाला कोरडं कसं ठिवायचं?"

त्यांना कितीदा सांगितलं होतं, यांना गोड विष आहे. पण गूळ कुणाला विष होऊ शकतो हे त्यांच्या मनाला पटतच नव्हतं. ते घाबरत म्हणाले, "म्याडम, गूळ खराब झालता का? मला वास येत न्हाई. नासला आसंल तर कसं कळनार मला?"

"गूळ चांगला होता, चाचा. त्यांना कुठलाच गूळ चालत नाही."

"न्हाई, नासलाच आसंल," ते म्हणाले आणि परत बोर्डाकडं बघायला लागले. त्यांच्या डोक्यात ते घट्ट बसलं, की आपलं नाक गेलं म्हणून आपण पाहुण्यांना नासकं खायला घातलं. मी त्यांना परत समजावलं, चित्र काढून दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं काहीच नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मीही खचले होते. परळीचा तो ढीग उन्हाळ्यात कोरडा ठक्क असतो, पाझर पावसाळ्यातच. कॉलेजातले चंबू मी परीक्षेच्या गडबडीत नासू दिले होते, तो माझा गाढवपणा. ईदला सहा आठवडे उरले होते. मुलगा येणार, ड्रमात हिरवं पाणी बघणार, आणि दुकानाचं शटर कायमचं खाली. मी चाचींना म्हणाले, "मला माफ करा. आता माझ्याकडं काही उरलं नाही."

चाचींनी माझ्याकडं अशी नजर टाकली की जणू मी आत्ताच आकाशातून पडलेय. "काही उरलं न्हाई म्हंजी? विरजण एकाच भांड्यात कोन ठिवतं?"

त्या जिन्याखालच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं माठ असतात, गारवा असतो. दोन माठांच्या मागून त्यांनी गुलाब सरबताची एक जुनी, धुतलेली बाटली काढली. तोंडाला कापसाचा बोळा. आतलं पाणी गडद, चहासारखं लाल. पहिल्या दिवशी मी ड्रमात ओतत असताना त्यांनी त्यातलं पेलाभर काढून ठेवलं होतं. तेव्हापासून दर जुम्म्याला चिमूटभर हिराकस आणि मी ड्रमासाठी वेगळं करून ठेवायचे त्यातलं थोडं ताजं आंबट पाणी. कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईकडं, बार्शी नाक्याला, दह्याचं विरजण नेहमी एक घरात आणि एक शेजारी ठेवायचे. एकाचं नासलं तर दुसऱ्याकडून मागायचं. त्यांना वाटलं, हेही तसंच.

मी ती बाटली हातात घेतली आणि रडले. चाची घाबरल्या, म्हणाल्या, "कावून रडताव? चांगलं हाय का वाईट?" मी म्हटलं, लई चांगलं आहे, चाची. तुम्हालाच पीएचडी द्यायला पाहिजे. त्या म्हणाल्या, "मला नको, तुमीच घ्या. तुमचे केस पिकाय लागलेत."

बाटलीतून चंबू, चंबूतून बादली, बादलीतून ड्रम. ड्रम आधी पाच वेळा धुतला. चाचा लांब उभे राहून बघायचे, जवळ यायचे नाहीत. मी म्हणायचे, या की. ते म्हणायचे, नको, माझा हात लागला तर परत मरायचे. शेवटी मी चिडले. "तुम्ही नसाल तर बोर्ड कोण कातरणार? मी? माझी बोटं तुटतील!" त्यावर ते आले. पंप त्यांनीच चालू केला. पण "खावा बे" म्हटलं नाही. नुसते पाण्याकडं बघत राहिले. मला त्यांचा तो आवाज नसणं फार बोचलं.

लाल रंग चढला. मूठ मूठ बोर्ड गेले. मेच्या शेवटी पाणी निळसर-हिरवं दिसायला लागलं, म्हणजे तांबं उतरलं. बकरी ईदच्या आदल्या दिवशी सकाळी मुलगा पुण्याहून आला. चांगला, समजूतदार मुलगा. बापाच्या छातीची काळजी त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. चाचांनी त्याला अंगणात बोलावलं, मग्यात ड्रमातलं पाणी काढलं, एक गंजका खिळा कानशीनं घासून चकचकीत केला आणि त्यात सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. चाची म्हणाल्या, "काय होतंय?" चाचा म्हणाले, "गप्प." पाण्यातलं तांबं चढत खिळा हळूहळू लाल झाला. नव्या घागरीसारखा लालभडक. चाचांनी तो चिमट्यानं काढून मुलाच्या तळहातावर ठेवला.

गाळणीच्या कापडावर खाली बसलेले सोन्याचे पापुद्रेही होते. नखाएवढेसुद्धा नाहीत, फुंकर मारली तर उडतील असे. मुलानं सोन्याकडं बघितलं नाही. तो अंगणात इकडंतिकडं फिरला, टब कुठंय ते बघितलं, खोल श्वास घेतला. मग बापाला म्हणाला, "अब्बू, इथं तर वासच येत नाही."

"मला तर आदीपण येत नव्हता," चाचा म्हणाले, आणि सगळे हसले. मुलगाही हसला, पण डोळे पुसत. शटर खाली गेलं नाही. तेजाबाचा कॅन मात्र तो जाताना कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमा करून गेला.

ईद झाल्यावर तीन-चार दिवसांनी चाचा माझ्या घरी आले. पहिल्या ड्रमातलं तांबं एका डबीत घालून आणलं होतं, माझ्या पीएचडीसाठी. बाहेर ऊन अजून तसंच होतं. मी सवयीनं पाण्याचा तांब्या आणि वाटीत गूळ आणून ठेवला. तीच ढेप, उरलेली अर्धी. ठेवल्यावर लक्षात आलं आणि मी जीभ चावली, म्हटलं, आता यांना परत ते सगळं आठवणार. वाटी उचलायला हात पुढं केला, पण तोवर त्यांनी खडा उचलला होता.

तोंडाकडं नेता नेता त्यांचा हात थांबला. खडा नाकाशीच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खड्याकडं, मग डोळे मिटून परत वास घेतला, हळू, जपून, पळून जाईल की काय असा. डॉक्टरनं सांगितलं होतं, नाक परत येईलच असं नाही. माझा पुढं केलेला हात तसाच राहिला.

डोळे न उघडताच चाचा म्हणाले, "गूळ तर चांगला होता की, म्याडम."